कुशीवर की पोटावर

डुक्कर आळशी, एवढं म्हणून लोक मोकळे होतात. शेडमध्ये पाळलेलं, अंगानं भरू लागलेलं डुक्कर चोवीस तासांतले अठरा-एकोणीस तास आडवं असतं हे खरंच आहे. पण ते शेडच्या कोणत्या भागात पडलंय, शेजारच्याला चिकटून की हातभर लांब, पाय पोटाखाली घेऊन की चारही सोडून, हे फारसं कोणी बघत नाही. मी आधी तेच बघते. एखाद्या फार्मवरून बोलावणं आलं की दारातच थोडा वेळ उभी राहते, आवाज करत नाही आणि निजलेली डुकरं नीट बघून घेते. आपण आत शिरलो की सगळी उठतात, मग बघायचं ते हातचं जातं. औषधांची पेटी, वजनाची वही, दाण्याचं बिल हे सगळं त्यानंतर.

मी भोपाळला अवधपुरीत राहते. शहराच्या पूर्वेला, पिपलानी आणि भेल या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपला लागून ही वस्ती वाढली. वडील नागपूरहून भेलमध्ये नोकरीला आले आणि इथलेच झाले. शिकले मी जबलपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९७०च्या सुमाराला डुकरांवर जो देशव्यापी समन्वित प्रकल्प सुरू केला, त्याचं जबलपूर हे एक केंद्र. लार्ज व्हाईट यॉर्कशायर जातीची पांढरीशुभ्र, लांबलचक डुकरं मी पहिल्यांदा जबलपुरातच बघितली. तोवर डुक्कर म्हणजे घरामागच्या नाल्यातलं काळं, राठ केसांचं जनावर एवढीच ओळख होती.

ती काळी डुकरं अवधपुरीत आजही आहेत. मोकळे प्लॉट, त्यांच्या कडेनं जाणारे नाले, आणि मे महिन्याच्या दुपारी त्या नाल्यांत मानेपर्यंत रुतून पडलेली डुकरं. सोसायटीच्या बैठकीत त्यांच्याविषयी तक्रार झाली नाही असा महिना जात नाही. घाणीचा, रोगराईचा मुद्दा रास्त आहे. मोकाट जनावर वस्तीत असू नये हे मलाही मान्य आहे. पण ‘त्यांना घाणच आवडते’ हे वाक्य मला ऐकवत नाही. सावलीतला स्वच्छ ओला चिखल आणि गटार, दोन्ही समोर असतील तर डुक्कर चिखलात जाईल. आपल्या वस्तीत त्याला ओली जागा म्हणून गटारच मिळतं.

डुकराला घाम येत नाही, असं म्हटलं तरी चालेल. घामाच्या ग्रंथी त्याच्या कातडीत आहेत, पण उष्णतेला त्या जवळजवळ दाद देत नाहीत. कातडीखाली चरबीचा थर. त्यात खाल्लेल्या दाण्याचं मांस आणि चरबी होताना अंगात सतत उष्णता तयार होत असते. शंभर किलोच्या डुकराच्या अंगातून साधारण दोनशे वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. एका कप्प्यात अशी वीस डुकरं असली तर चार किलोवॅटचा हीटर चोवीस तास चालू आहे असं समजा. ही उष्णता घालवायला त्याच्याकडे मार्ग तीन. धापा टाकायच्या, गार जमिनीला अंग चिकटवायचं, किंवा अंग ओलं करून ते वाऱ्यावर सुकू द्यायचं. पहिल्या मार्गात दमछाक आहे. उरलेले दोन्ही आडवं पडूनच साधायचे असतात. म्हणून डुकराचं निजणं हे नुसतं विश्रांतीचं काम नाही, अंगाचं तापमान सांभाळायचं ते त्याचं मुख्य साधन आहे.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ओल्या अंगावरचं पाणी उडताना यातला मोठा वाटा डुकराच्या अंगातून जातो. साधं पाणी पटकन निथळून आणि उडून जातं. चिखल मात्र कातडीला धरून राहतो, ओल हळूहळू सोडतो, आणि गारवा कितीतरी जास्त वेळ टिकतो. शिवाय गोऱ्या कातडीच्या डुकरांना ऊन भाजतं, माश्या-गोचिडांचा त्रास असतो. चिखलाचा लेप त्यावरही चालतो. रानडुकरंही हेच करतात. भोपाळहून नर्मदापुरमकडे निघालं की तासाभरात भीमबेटका लागतं. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांच्या नजरेला पडलेल्या या गुहांमध्ये एका खडकावर प्रचंड मोठा वराह रंगवलेला आहे. आजूबाजूच्या रातापानीच्या जंगलात रानडुकरं आजही आहेत. दुपारी ती दाट झुडपात किंवा पाणथळीच्या कडेला पडून असतात, आणि खायला निघतात ती बहुतेक संध्याकाळनंतर. पाळलेल्या डुकरात तीच उपजत वृत्ती आहे. आपण तिला चार भिंती आणि पत्र्याखाली आणलं, एवढाच फरक.

आता पत्र्याखालची गोष्ट.

रायसेन रोडच्या बाजूला एका शेतकऱ्याची शेड आहे. माणूस कष्टाळू, हिशेबाला चोख. एकदा मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला मी तिथे पोचले तेव्हा ते कौतुकानं म्हणाले, “देखिए मॅडम, कितने आराम से सो रहे हैं.” आत सगळी डुकरं आडवी होती हे खरं. एकही दुसऱ्याला शिवत नव्हतं. प्रत्येक कुशीवर, चारही पाय ताठ लांब केलेले, पोट आणि गळ्याची खालची बाजू जितकी फरशीला टेकवता येईल तितकी टेकवलेली. खाण्याच्या कुंडाजवळची कोरडी, स्वच्छ जागा रिकामी. सगळी गर्दी उलट्या टोकाला, जिथे पाण्याचा निपल ठिबकतो आणि जिथे ती एरवी शेण-मूत करतात. दोघांनी नाकपुडी भिंतीच्या खालच्या फटीला लावलेली, तिथून जरा वारा येत होता. त्यांच्या बरगड्यांकडे बघत मी घड्याळ लावलं आणि शेतकऱ्यांना श्वास मोजायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात त्यांनी चाळीसच्या वर मोजले आणि आपणहूनच थांबले. निवांत निजलेलं मोठं डुक्कर मिनिटाला वीस-तीस श्वास घेतं. ही डुकरं झोपली नव्हती, तग धरून होती.

कुशीवर निजणं वाईट, असं नाही. हवा मनासारखी असली तरीही डुक्कर कुशीवरच निजतं. पण तेव्हा ती एकमेकांच्या पाठीला पाठ, कोणाच्या मांडीवर कोणाचं डोकं अशी सैलसर टेकून असतात. कान मधूनच हलतो, श्वास संथ असतो, आणि जागा कोरडी निवडलेली असते. म्हणून बघायच्या गोष्टी तीन एकत्र: अंग कसं टाकलंय, दोघांत अंतर किती, आणि जागा कोणती. एकावरून निदान करू नये. श्वास मोजला की शंका राहत नाही.

जागेची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डुकराला मोकळीक द्या, ते निजायची जागा आणि हगायची जागा वेगळी ठेवतं. चार-सहा आठवड्यांच्या पिल्लांतसुद्धा हे दिसतं. निजायला कोरडा, कमी वाऱ्याचा, जरा आडोशाचा कोपरा; शेणासाठी ओला, उघडा, गार कोपरा. उकाडा वाढला की हा हिशेब उलटतो. गार आणि ओली जागा हवीहवीशी होते, म्हणून डुकरं शेणाच्या जागेवर निजायला लागतात, आणि मग शेण कोरड्या जागेवर पडायला लागतं. दोन दिवसांत सगळा कप्पा बरबटतो. मालक म्हणतो, घाणेरडी जात. खरं तर त्या बरबटलेल्या कप्प्यात शेड तापल्याची बातमी लिहिलेली असते. अशा वेळी मजुरावर ओरडण्याआधी छताला हात लावून बघावा.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी हे अंशा-अंशानं मोजलं. २००५ साली छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगांत साधारण साठ किलोची डुकरं होती, आणि खोलीचं तापमान १६पासून ३२ अंशांपर्यंत टप्प्याटप्प्यानं चढवत नेलं होतं. हवेतली आर्द्रता कुठे ५०, कुठे ६५, कुठे ८० टक्के. तापमान चढलं तशी डुकरं घट्ट फरशी सोडून फटींच्या जाळीदार फरशीवर निजायला गेली, एकमेकांना टेकणं कमी झालं, आणि श्वासाचा वेग वाढायला लागला तो २२-२३ अंशांच्या आसपास. आपल्याकडच्या कोणालाही हा आकडा ऐकून धक्का बसेल. भोपाळमध्ये मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आपण अजून पंखासुद्धा लावलेला नसतो तेव्हा, साठ किलोच्या डुकराला दुपारी जड जायला लागलेलं असतं. मग मे महिन्यात चाळिशी ओलांडल्यावर, पत्र्याखाली त्याहून चार अंश चढलेले असताना, त्याचं काय होत असेल?

होतं असं, की ते खाणं कमी करतं. अंगात कमी उष्णता तयार व्हावी यासाठी त्याच्या हातात तेवढंच आहे. वाढ मंदावते. व्यालेली मादी कमी खाते म्हणून दूध आटतं आणि पिल्लं किरकोळ राहतात. माद्या माजावर उशिरा येतात, फळत नाहीत. नराचं वीर्य बिघडतं ते उन्हाची लाट ओसरल्यावरही पाच-सहा आठवडे ताळ्यावर येत नाही, कारण ते तयार व्हायलाच तेवढा वेळ लागतो. जूनमध्ये मादी का फळली नाही याचं कारण त्यामुळे कित्येकदा मे महिन्याच्या एखाद्या दुपारी सापडतं. आणि जितकं डुक्कर मोठं तितका त्रास जास्त. विकायला तयार झालेलं, सगळ्यात किमती जनावर उन्हात आधी कोसळतं.

रायसेन रोडच्या शेडवर आम्ही पहिल्यांदा छताला चुना मारला आणि वर तणसाचा जाड थर बांधला. फॉगर लावायची शेतकऱ्यांची तयारी होती, पण मी आधी ठिबक मागितली. फॉगर हवेत धुकं करतो, हवा गार होते आणि मग डुकराला गारवा लागतो. ठिबक थेट खांद्यावर पडते. अंग ओलं करायचं, वीस मिनिटं सुकू द्यायचं, पुन्हा ओलं करायचं. सतत पाणी मारत राहिलात तर सुकायला वेळच मिळत नाही, आणि गारवा तर सुकण्यातच आहे. दाणा पहाटे पाचला आणि रात्री आठनंतर. दुपारी कुंडात काही टाकायचं नाही, जनावराला उठवायचं नाही, वजन करायचं नाही, गाडीत भरायचं तर नाहीच नाही. ज्यांना जागा आहे त्यांना मी सावलीत चिखलाचा खड्डा करायला सांगते, दर थोड्या दिवसांनी पाणी बदलायचं या अटीवर.

मग जुलै येतो आणि मे महिन्यातलं अर्धं शहाणपण निरुपयोगी ठरतं. भोपाळमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लू चालू असते तेव्हा खसच्या ताट्यांचा कूलर खोली थंडगार करतो, आणि पाऊस लागला की तोच कूलर अंग चिकट करतो. डुकराचंही तेच. हवेतच पाणी भरलेलं असेल तर अंगावरचं पाणी उडत नाही. बाहेर ३१-३२ अंश, आर्द्रता ८५ टक्के, आणि आत फॉगर चालू, म्हणजे जनावराला वाफेच्या डब्यात ठेवल्यासारखं. जुलै-ऑगस्टमध्ये फॉगर बंद करून मोठे पंखे लावावे लागतात, डुकराच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. माणसाच्या उंचीला लावलेला पंखा माणसाला बरं वाटावं म्हणून असतो. गोव्यात आणि कोकणात ही दमट हवा वर्षातले कितीतरी महिने असते. गोव्याची स्वतःची अगोंदा गोअन ही नोंदणीकृत जात आहे. काळी, आटोपशीर अंगाची. लहान अंगाला वजनाच्या मानानं कातडी जास्त, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. अशा गावठी जनावराला माडाच्या सावलीत फिरायची मुभा असेल तर ते दमट उकाडा निभावून नेतं. तिथे विलायती मोठ्या अंगाचं डुक्कर सिमेंटच्या खोलीत आणून ठेवलं की खर्च कुठून सुरू होतो ते पाळणाऱ्याला पहिल्या वर्षातच कळतं.

हिवाळ्याकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, कारण आपल्या डोक्यात उन्हाळाच बसलेला असतो. पण जानेवारीत भोपाळचं किमान तापमान दहाच्या खाली सहज जातं, आणि शेडची फरशी त्याहून बोचरी असते. अशा पहाटे दारातून बघा. सगळी डुकरं एका कोपऱ्यात, पोटावर, पाय अंगाखाली दुमडलेले, एकाला एक घट्ट, आणि काही तर दुसऱ्यांच्या पाठीवर चढलेली. पोटावर निजून पाय आत घेतले की फरशीला टेकणारं आणि वाऱ्याला लागणारं अंग कमीत कमी राहतं. घोळका केला की प्रत्येकाचं उघडं अंग आणखी कमी होतं. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथल्या प्रयोगशाळेत लॉरेन्स माउंट यांनी डुकराच्या शरीराचा आणि हवामानाचा हा सगळा हिशेब १९५०-६०च्या दशकांत मांडला. १९६८ साली त्यांचं त्यावर पुस्तक आलं. त्याच संस्थेतल्या बाल्डविन आणि इनग्रॅम या दोघांनी १९६७ साली एक सुंदर प्रयोग केला. गार खोलीत डुकराला एक बटण दिलं, नाकानं दाबलं की काही सेकंद उष्णतेचे दिवे लागायचे. डुकरं ते चटकन शिकली, आणि खोली जितकी गार तितकी जास्त वेळा त्यांनी बटण दाबलं. हवं-नको ते डुकराला कळतं, आणि साधन दिलं तर ते आपलं आपण करून घेतं. या प्रयोगानं मला जितकं शिकवलं तितकं कोणत्याही जाड ग्रंथानं शिकवलं नाही.

थंडीत उपाय स्वस्त आहे. तणस, गव्हाचं काड, नाहीतर कोरडी बारदानं. तापमापकात काहीही बदल न होता नुसत्या जाड पेंढ्यानं डुकराला काही अंश जास्त ऊब वाटते, आणि ओल्या उघड्या सिमेंटवर तितकीच कमी. म्हणजे शेडमध्ये टांगलेला तापमापक पंधरा दाखवतो, पण ते पंधरा कुणासाठी, हे फरशी ठरवते.

सगळ्यात अवघड खोली म्हणजे मादी विते ती. तिथे दोन ऋतू एकाच वेळी लागतात. आईला अठरा-वीस अंश हवेत, दूध तयार करताना तिचं अंग आधीच तापलेलं असतं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला हवेत ३२ ते ३५. पिल्लू जन्मतं ते ओलं, चरबी जवळजवळ नसलेलं, अंगावर केस नावालाच. पहिल्या तासाभरात त्याचं अंग दोनेक अंशांनी उतरतं. माणसाच्या बाळाकडे आणि कोकराकडे ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबी असते. डुकराच्या पिल्लाकडे ती नसते. ज्या जनुकावर ही ऊब अवलंबून असते ते डुकराच्या पूर्वजांत सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच निकामी झालं, असं स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं. पिल्लाजवळ राहतं ते कुडकुडणं, भावंडांना चिकटणं आणि आईच्या पोटाशी जाणं. रानडुकरीण म्हणूनच विण्याआधी काटक्या-गवताचं मोठं घरटं रचते. शेडमधल्या मादीलाही ती ओढ असते. काही मिळालं नाही तर ती रिकामी फरशी पायांनी उकरत राहते. मूठभर काड दिलं तरी ती ते तोंडात घेऊन इकडून तिकडे नेत राहते.

गार पिल्लू आईच्या पोटाशीच झोपतं, आणि दीड-दोनशे किलोची आई कूस बदलताना ते खाली सापडतं. पहिल्या तीन दिवसांत पिल्लं दगावतात त्यांत चिरडून मेलेली खूप असतात, आणि मालक दोष देतो आईला. मी आधी पिल्लांचा कोपरा बघते. तो असा करायचा: आईला शिरता येणार नाही अशा बेतानं कोपऱ्यात आडवे पाइप, वरून फळीचं झाकण, समोर बारदानाचा पडदा, खाली कोरडं काड आणि वर उष्णतेचा दिवा. दिवा किती उंचावर टांगायचा हे मी फुटांत सांगत नाही. पिल्लांनीच ते सांगायचं. ती दिव्याखाली एकावर एक चढून ढीग करत असतील तर दिवा खाली घ्या. दिव्याखालची जागा मोकळी सोडून कडेकडेनं गोल करून पडली असतील तर वर न्या. एका थरात, शेजारीशेजारी, कुशीवर, सैल पसरलेली दिसली की दोरीला गाठ मारा. मग आठवड्याला थोडा थोडा वर, कारण पिल्लू वाढेल तशी त्याची गरज उतरते. स्टॅनली कर्टिस या अमेरिकन संशोधकानं ऐंशीच्या दशकात दूध तोडलेल्या पिल्लांना हीटरचं बटण त्यांच्याच नाकाशी दिलं, तेव्हा पिल्लांनी रात्री दिवसापेक्षा कमी ऊब मागितली. रात्री सगळी एकत्र निजलेली असतात, घोळक्याचीच ऊब पुरते. आपल्याकडे दिवसा दिवा बंद आणि रात्रभर पूर्ण जोरात, असा उलटा कारभार सर्रास चालतो.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं ती. डुकरं निजतात ती हवेच्या हिशेबानं, पण कधीकधी निजणं आणि हवा यांचा मेळच बसत नाही. एप्रिलच्या दुपारी, ३९ अंशांत, पाच-सहा डुकरं एका कोपऱ्यात एकावर एक ढीग करून पडलेली दिसली, तर ती थंडी शेडची नाही. ती तापाची आहे. स्वाइन फीव्हरमध्ये अंग ४१ अंशांच्या पुढे जातं आणि जनावर हुडहुडी भरल्यासारखं घोळक्यात शिरतं, कुंडाकडे फिरकत नाही, उठवलं तर लडखडतं. आमच्या अवधपुरीजवळ आनंदनगरला राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. २०२० साली आसाम आणि अरुणाचलमधून आलेल्या नमुन्यांत आफ्रिकन स्वाइन फीव्हर असल्याचं निदान तिथेच झालं. भारतात हा रोग त्याआधी कधी आढळला नव्हता. २०२२च्या ऑगस्टमध्ये तो आमच्या मध्य प्रदेशात, रीव्याला पोचला. क्लासिकल स्वाइन फीव्हरवर लस आहे, ती वेळेवर टोचून घ्यावी. आफ्रिकनवर आपल्याकडे वापरात लस नाही, इलाज नाही, जनावरं पटापट मरतात. माणसाला तो होत नाही. पण माणसाच्या बुटांवरून, गाडीच्या चाकांवरून, हॉटेलच्या उष्ट्यातून तो एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातो. म्हणून असा ढीग दिसला की आत जायचं नाही, कोणाला जाऊ द्यायचं नाही, विक्री बंद, आणि फोन थेट सरकारी पशुवैद्यकाला. एक दिवस आधी कळलं तर शेजारच्या चार शेड वाचतात. आणि एक दिवस आधी कळण्याचं साधन फार्मवर कोणतं असेल, तर रोज त्याच वेळी, त्याच दारातून निजलेली डुकरं बघणारा माणूस.

अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात २००८च्या सुमाराला छतावरच्या कॅमेऱ्यानं हे काम करून बघितलं. डुकरं घोळक्यात आहेत की पसरलेली, हे संगणकानं चित्रावरून ओळखायचं आणि त्याप्रमाणे हवा-उष्णता कमी-जास्त करायची. आता ते तंत्र बरंच पुढे गेलंय. इथल्या वीस-पंचवीस डुकरांच्या शेडला त्याची गरज नाही. पण मोबाइल प्रत्येकाकडे आहे, आणि दारातून रोज दुपारी दोनला एक आणि पहाटे पाचला एक फोटो काढायला पैसे पडत नाहीत. माझ्याकडे असे फोटो पाठवणारी काही मंडळी आहेत. त्यात एक बाई आहेत, सासऱ्यांनी सुरू केलेला फार्म चालवतात. हा धंदा करणाऱ्यांना आपल्या समाजानं कसं लांब ठेवलं ते त्यांच्याकडून ऐकताना मान खाली जाते. त्यांच्या फोटोंवर तापमान लिहिलेलं नसतं, आणि मला ते लागतही नाही.

रायसेन रोडच्या शेडमध्ये यंदाचं काम ठरलंय. पश्चिमेची विटांची भिंत उतरवून तीन फुटांवर आणायची आणि वर जाळी बसवायची; हिवाळ्यात त्या जाळीवर बारदानाचा पडदा सोडता येईल. पाण्याचे निपल त्या गार भिंतीकडे सरकवायचे, खाण्याची कुंडं पूर्वेला, म्हणजे निजायची कोरडी जागा मधोमध राहील आणि शेण पश्चिमेच्या नालीतच पडेल. गवंडी पाऊस लागायच्या आत येतो म्हणालाय. भिंत उतरवायच्या दिवशी डुकरं कुठे हलवायची यावर अजून एकमत झालेलं नाही. शेतकऱ्यांना आंब्याखाली तात्पुरतं कुंपण करायचंय, मला ते रस्त्यापासून आणखी आत हवंय, मोकाट डुकरांच्या वाटेपासून लांब.